मोटरहोमसाठी रस्तासाहाय्य व टोचन संरक्षण (कोकण किनारा)

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा संडास-अंघोळीचीही सोय असलेली गाडी. ती वाटेत बंद पडल्यास जागेवर मदत मिळावी आणि तेवढ्याने न भागल्यास ती उचलून किंवा ओढून गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च भागावा, यासाठी घेतलेल्या विम्याच्या पूरक कलमाला किंवा सेवाकराराला रस्तासाहाय्य व टोचन संरक्षण म्हणता येईल. कोकणात फिरणारे बहुतेक मालक साध्या मोटारीच्या पॉलिसीला जोडून मिळणारे रस्तासाहाय्यच घेतात. ते इथे तोकडे पडते. त्याचे कारण पॉलिसीच्या किमतीत कमी आणि गाडीचे वजन, तिची लांबी व ती नेमकी कुठे अडकली आहे यात जास्त असते.

बंद पडलेल्या मोटारीला मदत करण्याचे काम जगभर आधी वाहनमालकांच्या संघटनांनी केले. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन १९०२ साली, ब्रिटनची ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली आणि मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ साली स्थापन झाली. अमेरिकेत मोटरहोमवाल्यांची संख्या मोठी असल्याने तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या दर्जाचे सदस्यत्व असते. नेहमीच्या सदस्यत्वात ही गाडी धरली जात नाही, हे तिथला मालक सहसा जाणून असतो. आपल्याकडे मात्र ही सेवा मुख्यतः विमा कंपन्या आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडून मिळते आणि मोटरहोम हा वेगळा प्रकार आहे, हे फोन उचलणाऱ्या माणसाला अनेकदा समजावून सांगावे लागते.

कायद्याने पाहिले तर खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन (सरकारी कागदांत मोटरहोमला कॅम्पर व्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात) केंद्र सरकारच्या २००४ सालच्या अधिसूचनेनुसार बिगर-परिवहन वाहनांत येते. गंमत म्हणजे त्याच यादीत टोचन करणारी गाडी आणि ब्रेकडाउन व्हॅनही आहेत. मोटर कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्याचा भर कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्याची पार्क यांवर आहे. गाडी बंद पडल्यावर काय, हा प्रश्न मालकाने आपला आपण सोडवायचा असतो.

पॉलिसीत काय असते

सर्वांत मोठा गोंधळ अपघात आणि बिघाड यांच्यात होतो. मोटर वाहन अधिनियम, १९८८ नुसार सक्तीचा असतो तो तृतीय पक्ष विमा. त्यात स्वतःच्या गाडीला ओढून नेण्याचा एक पैसाही नसतो. सर्वसमावेशक पॉलिसीत टोचनाचा खर्च धरलेला असतो, पण तो अपघातानंतरचा. २००२ च्या मोटर टॅरिफमधील, म्हणजे वाहनविम्याचे दर व अटी ठरवून देणाऱ्या नियमावलीतील, मजकुराप्रमाणे खाजगी मोटार जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा व परत आणण्याचा वाजवी खर्च एका अपघातामागे कमाल १,५०० रुपये. २००७ पासून विम्याचे दर खुले झाले, तरी हा आकडा कितीतरी पॉलिसींत तसाच बसून राहिला. मोठी गाडी उचलण्यासाठी क्रेन बोलवायची वेळ आली की ही रक्कम किती पुरते, हे वेगळे सांगायला नको. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवून घेता येते का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे.

त्याच पॉलिसीत यांत्रिक व विद्युत बिघाड स्पष्टपणे वगळलेला असतो. घाट चढताना क्लच प्लेट जळाली, अल्टरनेटर गेला, रेडिएटरची नळी फुटली, तर विम्याच्या भाषेत काहीच ‘घडलेले’ नसते. ही फट बुजवण्यासाठी रस्तासाहाय्याचे पूरक कलम असते. बॅटरीला जंप देणे, स्टेपनी लावणे, थोडे इंधन पोहोचवणे, चावी आत राहिल्यास दार उघडणे, जागेवर होणारी किरकोळ दुरुस्ती आणि ठरावीक किलोमीटरपर्यंत टोचन एवढे त्यात मिळते. वर्षाला किती वेळा, किती किलोमीटर, कुठल्या वजनापर्यंत, हे कंपनीगणिक बदलते. अशी मदत घेतल्याने साधारणपणे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जात नाही. स्वतःच्या नुकसानीचा दावा केला तर जातो. म्हणूनच पंक्चर किंवा बॅटरीसाठी रस्तासाहाय्याला फोन करायला कचरण्याचे कारण नाही.

मोटरहोममध्ये गाडी आणि घर असे दोन भाग असतात आणि रस्तासाहाय्य फक्त पहिल्याचे. इंजिन चालू होते, चाके फिरतात, पण इन्व्हर्टर मेला, पाण्याचा पंप चालत नाही, फ्रिज थंड होत नाही: अशा तक्रारीला कुणी येत नाही. घराच्या भागातील विद्युत उपकरणांची किंमत पॉलिसीत वेगळी जाहीर केलेली नसेल, तर अपघातात ती फुटल्याचे पैसेही मिळत नाहीत. जुन्या टॅरिफमध्ये त्यासाठी किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता. व्हॅन घेऊन स्थानिक कारागिराकडून आतले काम करून घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गाडीतील बदल कायद्याच्या चौकटीत बसणारे आणि आरसी बुकावर चढलेले नसतील, तर दावा तिथेच अडकतो. गाडीच्या मूळ कंपनीची वॉरंटी आणि तिच्यासोबत येणारे रस्तासाहाय्यसुद्धा अशा बदलांनंतर चालू राहील, हे गृहीत धरू नये.

उचलणे आणि ओढणे

मोटारी पाठीवर घेऊन जाणारे सपाट पाठीचे छोटे ट्रक, म्हणजे फ्लॅटबेड, हॅचबॅक, सेदान, फार तर एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असतात. फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया किंवा टाटा विंगर यांच्या सांगाड्यावर बांधलेले मोटरहोम लांबीला मोठे, उंच आणि भरल्यावर तीन-चार टनांच्या घरात जाणारे असते. पाण्याच्या टाक्या भरलेल्या असतील तर दर १०० लिटरमागे १०० किलोची भर. मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असल्याने रॅम्प चढताना तो जमिनीला घासतो. अनुभवी माणूस चाकांखाली फळ्या टाकून चढाचा कोन कमी करतो. फोन करतानाच मॉडेल, लांबी, उंची आणि अंदाजे वजन सांगितले नाही, तर छोटा फ्लॅटबेड येतो, गाडीकडे बघतो आणि परत जातो. करारानुसार कधी कधी ही फेरीही वर्षाच्या मदतींत मोजली जाते.

फ्लॅटबेड न मिळाल्यास एक टोक उचलून ओढावे लागते. इथे कुठली चाके इंजिनाला जोडलेली आहेत हे महत्त्वाचे. विंगर पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे पुढचे टोक उचलले की काम भागते. ट्रॅव्हलर आणि अर्बानिया मागच्या चाकांवर चालतात. त्यांचे पुढचे टोक उचलून मागची चाके रस्त्यावर फिरू दिली, तर ती गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवत राहतात. इंजिन बंद असल्याने आतले तेल वर उडत नाही आणि काही किलोमीटरांत गिअरबॉक्स कोरडा घासून निकामी होतो. म्हणून जाणता मेकॅनिक गाडीखाली झोपून आधी गिअरबॉक्सला मागच्या चाकांशी जोडणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडतो. जोडावर खडूने खूण करतो, चार बोल्ट काढतो, शाफ्टचे मोकळे टोक तारेने चेसिसला वर बांधतो आणि बोल्ट डब्यात टाकून मालकाच्या हातात देतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम, पण घाईत हेच वगळले जाते.

दोर किंवा साखळी लावून टोचन करणे ही कोकणातली सर्रास पद्धत. सपाटीला, थोड्या अंतरासाठी ती चालते. घाटात मात्र नाही. इंजिन बंद असले की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, पॉवर स्टीअरिंग जड पडते आणि उतारावर मागची चार टनांची गाडी पुढच्या गाडीवर येते. परशुराम, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांपैकी कुठल्याही घाटात दोरावर मोटरहोम उतरवण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये, तो कितीही आपुलकीने देत असला तरी.

किनाऱ्याची अडचण

कोकणचा कणा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७. त्याचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचा महाराष्ट्रातला बहुतांश भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. जीवावर बेतलेल्या प्रसंगी ११२. महामार्गावरच्या क्रेनचे काम रस्ता मोकळा करणे हे असते. ती गाडी बाजूला नेऊन ठेवते. तुमच्या पसंतीच्या वर्कशॉपपर्यंत पोहोचवणे तिच्याकडून अपेक्षित नसते. गाडी तशीच सोडून जाणेही परवडत नाही. मोटर वाहन अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा तास किंवा त्याहून जास्त काळ बेवारस राहिलेली, किंवा वाहतुकीला धोका ठरणारी गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात आणि तो खर्च मालकाकडून घेतला जातो.

पण मोटरहोमवाला महामार्गासाठी कोकणात येत नाही. तो जातो दिवेआगर, हर्णे, गुहागर, वेळणेश्वर, देवगड, भोगवे अशा ठिकाणी, आणि तिथे रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर माडांच्या झावळ्या आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, समोरून एसटी. वाडीतल्या अशा रस्त्यावर मोटरहोम कसेबसे शिरते. ते उचलायला येणारा ट्रक त्याहून रुंद असतो आणि त्याला वळायला जागा लागते. ‘आमचे वाहन सुरक्षितपणे पोहोचू शकेल असा रस्ता’ ही अट जवळपास प्रत्येक करारात असते आणि कोकणात नकार येतो तो बहुतेक वेळा याच अटीवर बोट ठेवून. मग पहिला टप्पा, म्हणजे वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंतचा, ट्रॅक्टरने किंवा जेसीबीने पार पाडावा लागतो. त्याचे पैसे मालकाच्या खिशातून जातात.

अंतराची मर्यादाही इथे फसवी. गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर. तिथे साधी दुरुस्ती होते. पण सुटा भाग नसला किंवा कंपनीचे अधिकृत वर्कशॉपच हवे असले, तर गाडी कोल्हापूर, कराड, पनवेल अशा ठिकाणी न्यावी लागते. रत्नागिरी–कोल्हापूर अंतरच १३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये आंबा घाट. ५० किलोमीटर मोफत टोचन असलेल्या पॉलिसीत वरचा प्रत्येक किलोमीटर ट्रकवाल्याच्या दराने मोजला जातो, आणि अनेकदा त्याची परतीची फेरीही. सह्याद्री ओलांडून येणारा मोटरहोम मालक पॉलिसी निवडताना एकच गोष्ट पाहणार असेल, तर ती किलोमीटरची मर्यादा असावी. बाकीच्या सोयी गावातला पंक्चरवाला आणि बॅटरीवालाही देतो.

खाड्यांचे गणित आणखी वेगळे. रेवसहून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाला बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या आडव्या येतात. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींवर मोटरहोम चढते, पण ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि मागचा बंपर घासतो. मोटरहोम पाठीवर घेतलेला ट्रक चढवायचा तर वजन आणि उंची दोन्ही आडवी येतात. त्यामुळे दापोलीचा ट्रकवाला नकाशावर समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात यायला खेड-चिपळूणचा वळसा धरून भाव सांगतो. तो लुबाडत नसतो.

वाळू, भरती आणि पाऊस

वाळूत रुतणे हा किनाऱ्यावरचा नेहमीचा प्रकार. गाडी किनाऱ्यावर नेणे अनेक ठिकाणी निषिद्ध आहे आणि करारांतही रस्ता सोडून गेलेली गाडी सहसा धरली जात नाही, त्यामुळे तिथे मदत मिळते ती गावकऱ्यांची. २०२५ च्या जुलैत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मोटरहोमला बैल पुरत नाहीत, ट्रॅक्टर लागतो. रेस करत राहिल्यास चाके आणखी खाली जातात. त्यापेक्षा टायरची हवा कमी करून, चाकांपुढची वाळू उपसून खाली फळ्या टाकणे बरे. भरती-ओहोटीत सुमारे सहा तासांचे अंतर असते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी कुठवर येईल हे शेजारच्या होडीवाल्याला विचारावे.

इंजिनात पाणी गेले तर चावी फिरवू नये. पाणी दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे परिणामी नुकसान म्हणून वगळले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. हे कलम घेऊनही पाणी शिरल्यावर सेल्फ मारत बसल्याचे दिसले, तर नुकसान तपासायला येणारा विमा सर्वेक्षक प्रश्न विचारतोच. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण आणि महाड शहरांत असंख्य गाड्या बुडाल्या, तेव्हा क्रेन, ट्रक, मेकॅनिक सगळेच एका वेळी अपुरे पडले. पावसाळ्यात वरंध घाटातील वाहतूकही बंद ठेवली जाते, त्यामुळे महाडहून भोरकडे गाडी न्यायची असेल तर आधी रस्ता चालू आहे का ते पाहावे. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर जड वाहनांना बंदी असते आणि कोंडीत अडकलेला टोचनचा ट्रक किती वाजता येईल, हे ठरवून सांगणे कुणाच्याच हातात नसते.

खाऱ्या हवेचा त्रास हळूहळू होतो. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते, अर्थिंगचा जोड गंजतो आणि महिनाभर माडाखाली उभी असलेली गाडी सकाळी ‘टक’ एवढाच आवाज करते. टोके घासून पेट्रोलियम जेली लावली तर रस्तासाहाय्याचा एक फोन वाचतो.

भाड्याची गाडी

भाड्याने घेतलेल्या मोटरहोमची पॉलिसी व्यावसायिक असते आणि रस्तासाहाय्य मालक कंपनीच्या नावावर असते. प्रवाशाने मदतीसाठी आधी कंपनीला फोन करायचा असतो. भाडेकरारात टोचनाचा खर्च कुणी भरायचा, चुकीच्या वापरात काय काय मोडते आणि दुरुस्तीच्या दिवसांचे भाडे लागते का, ही तीन कलमे वाचून मगच सही करावी. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी पैसे घेऊन दिली जात असेल, तर ती घेऊ नये. भाड्याने देणे हा खाजगी पॉलिसीतल्या वापराच्या अटीचा भंग आहे, आणि घाटात अपघात झाल्यावर विमा कंपनी सर्वांत आधी तेच तपासते.