हार्ड डिस्कची टकटक: आवाजामागचा इतिहास

हार्ड डिस्क टकटक करायला लागली की सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, हलकेच टपली मार. दुसरा म्हणतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. तिसरा म्हणतो, चालू-बंद करत राहा, एकदा तरी लागेल. हे सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. यातला जवळपास प्रत्येक सल्ला कधी ना कधी, कुठल्या तरी डिस्कवर खरोखर लागू पडलेला आहे. अडचण अशी की डिस्क बदलत गेल्या आणि सल्ले तेच राहिले. आवाजावरून बिघाड ओळखायचा असेल तर समोरची डिस्क कुठल्या काळातल्या घडणीची आहे हे आधी बघावं लागतं, आणि त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने आणली. रॅमॅक संगणकासाठीचं ते ३५० नावाचं युनिट. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घ्यायच्या, आणि एवढ्या सगळ्यात ५० लाख अक्षरं मावायची. वजन टनाच्या वर. आज प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंना डेटा लिहिणारं-वाचणारं स्वतंत्र हेड असतं. तिथे मात्र हेड पेलणारा एकच हात होता. तो आधी वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठायचा आणि मग आत घुसायचा. हेड आणि तबकडी एकमेकांना लागू नयेत म्हणून कॉम्प्रेसरने हेडमधून दाबाखाली हवा सोडावी लागे. त्यामुळे कॉम्प्रेसरची धडधड, मोटरची घरघर आणि हात सरकल्याचा खडखडाट हे सगळं मिळून यंत्र ‘चालू’ असल्याचा आवाज होता. तो थांबला तर काळजी.

१९६१ च्या आयबीएम १३०१ मध्ये कॉम्प्रेसर गेला. तबकडी फिरताना तिच्याबरोबर जी हवा ओढली जाते, तिच्याच थरावर हेड तरंगू लागलं. ही कल्पना आजही तशीच आहे. बदललं ते अंतर. रॅमॅकमध्ये हेड तबकडीपासून साधारण २० मायक्रॉन वर असे, १३०१ मध्ये ते ६ मायक्रॉनच्या आसपास आलं, आजच्या डिस्कमध्ये ते काही नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचे काही हजारांश आहे. हार्ड डिस्कच्या आवाजांचा सगळा इतिहास या कमी होत गेलेल्या अंतराशी बांधलेला आहे. अंतर जितकं कमी, तितका छोटा कण पुरेसा, आणि तितकी दुरुस्ती अवघड.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, काढता-घालता येणारे डिस्क पॅक आले. वॉशिंग मशीनएवढ्या यंत्राचं झाकण उघडायचं, तबकड्यांची चळत उचलायची, दुसरी बसवायची. झाकण उघडलं की धूळ आत. धुळीचा कण हेडखाली आला की हेड तबकडीवर आपटे आणि कर्कश घासल्याचा आवाज येई. हाच हेड क्रॅश. आवाजावरून बिघाड ओळखायची विद्या खऱ्या अर्थाने याच काळात मशीन रूममध्ये तयार झाली, कारण आवाज ऐकून लगेच बटण दाबणारा ऑपरेटर नुकसान एका तबकडीपुरतं रोखू शकत असे.

याच काळातली एक चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती पुढे पुन्हा घडली. पॅक वाचला जात नाही असं दिसलं की माणूस साहजिकच तो पॅक शेजारच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे पॅक फिरवणाऱ्या दुसऱ्या यंत्रात, घालून बघे. ओरखडलेल्या तबकडीने त्या ड्राइव्हचं हेडही बिघडे. मग ड्राइव्ह तपासायला त्यात चांगला पॅक घातला जाई, आणि तोही जाई. बिघाड डब्यातून डब्यात पसरत असे.

त्यावर उत्तर म्हणून १९७३ मध्ये आयबीएमने ३३४० आणली. केनेथ हॉटन यांच्या गटाचं हे काम ‘विंचेस्टर’ या टोपणनावाने ओळखलं जातं. यात हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात राहिल्या. दुसरा बदल आवाजाच्या दृष्टीने जास्त मोठा होता: डिस्क थांबली की हेड तबकडीवरच उतरू लागलं, वंगणाच्या अतिशय पातळ थरावर. सुरू होताना ते तसंच थोडं घासत जाऊन उचललं जाई. आजची बहुतेक माणसं हार्ड डिस्क म्हणून जे ओळखतात त्याचा पाया इथे पडला, आणि एका नव्या दुखण्याचाही.

ते दुखणं म्हणजे हेड चिकटणं. तबकड्या जितक्या गुळगुळीत होत गेल्या तितकं थांबलेलं हेड त्यांना घट्ट धरून बसू लागलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला, खास करून काही दिवस बंद राहिलेल्या दमट जागेतल्या कॉम्प्युटरमध्ये, सकाळी बटण दाबलं की डिस्क फिरतच नसे. बारीक गुणगुण यायची आणि बस. अशा वेळी डिस्क हातात घेऊन मनगटाने सपाट झटका दिला, किंवा कडेवर हलकेच ठोकलं, की हेड सुटे आणि डिस्क चालू होई. टपली मारण्याचा सल्ला इथून आला. त्या डिस्कसाठी तो बरोबर होता: हेड जाडजूड होती, डेटा विरळ होता, आणि एकदा सुरू झाली की बॅकअप घेण्यापुरता वेळ सहज मिळत असे.

घराघरांत आणि ऑफिसांत आलेल्या डिस्कचा सूर मात्र वेगळ्याच भागाने ठरवला. १९८० ची सीगेट एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची, सव्वापाच इंची. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये तिची १० मेगाबाइटची बहीण एसटी-४१२ असे. या डिस्कमध्ये हेड सरकवायला स्टेपर मोटर होती. ती ठरलेल्या पायऱ्यांनी पुढे-मागे जायची आणि प्रत्येक पायरीचा आवाज यायचा. फाइल उघडली की ‘कर्र-कट-कट’. हा आवाज म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण. स्टेपर मोटरला हेड नक्की कुठे आहे हे कळायची सोय नसते, ती फक्त पायऱ्या मोजते. डिस्क तापली, धातू प्रसरण पावला, की हेड ट्रॅकच्या, म्हणजे डेटा लिहिलेल्या गोल रेघेच्या, किंचित बाजूला जाई. मग डिस्क मागे शून्यावर येऊन पुन्हा मोजायला सुरुवात करी. तीच खटखट दोन-चारदा लागोपाठ ऐकू आली की जाणत्याला कळायचं: वाचता येत नाहीये, पुन्हा प्रयत्न चालला आहे.

स्टेपरची जागा हळूहळू व्हॉइस कॉइलने घेतली. स्पीकरच्या कोनला हलवते तशीच चुंबकातली तारेची गुंडाळी. तबकडीवरच लिहिलेल्या खुणा वाचून हेड आपली जागा ओळखतं आणि त्याप्रमाणे गुंडाळीतला प्रवाह कमी-जास्त होतो. मोठ्या यंत्रांमध्ये हे सत्तरच्या दशकातच आलं होतं, पीसीच्या स्वस्त डिस्कमध्ये नंतर. आज ज्याला आपण ‘टकटक’ म्हणतो ती या रचनेतून जन्मली.

ती नेमकी कशी होते ते सावकाश बघू. वीज मिळाली की आधी मोटर वेग घेते. ठरलेला वेग आला की हेड रॅम्पवरून, म्हणजे तबकडीबाहेरच्या त्याच्या विसाव्याच्या उतारावरून, उतरून तबकडीवर येतं आणि जागेच्या खुणा शोधतं. त्या मिळाल्या की डिस्क आपलं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, तबकडीच्या राखीव भागातून वाचते, आणि त्यानंतरच कॉम्प्युटरला ‘मी हजर’ असं सांगते. हेड खराब असेल, त्याच्याशेजारचं सिग्नल वाढवणारं चिप गेलं असेल किंवा खुणांवरच ओरखडा असेल, तर काहीच वाचलं जात नाही. हात टोकापर्यंत जाऊन थांब्याला आपटतो: टक. मागे येतो, पुन्हा जातो: टक. ठरावीक वेळा असं करून मोटर बंद पडते. म्हणजे टकटक हा मोडल्याचा आवाज नाही, तो हरवलेल्या हेडचा शोध आहे. आणि म्हणूनच तिसरा सल्ला, चालू-बंद करत राहण्याचा, सगळ्यात महागात पडतो. हेडचा एखादा कोपरा तुटून लोंबत असेल तर प्रत्येक शोधात तो तबकडीवर ओरखडा ओढतो. पहिल्या दिवशी रिकव्हरीवाल्याला नुसतं हेड बदलून डेटा काढता आला असता. आठवडाभराच्या प्रयोगांनंतर काढायला काही उरत नाही.

या आवाजाला जगभर कुप्रसिद्ध केलं ते खरं तर हार्ड डिस्कने नाही, आयोमेगाच्या झिप ड्राइव्हने. १०० मेगाबाइटची ती काढता-घालता येणारी डिस्क नव्वदच्या मध्यात खूप खपली. हेडला जागा सापडली नाही की ड्राइव्ह ते मागे घेऊन पुन्हा आत सोडी आणि ‘टक-टक’ वाजे. वाकड्या झालेल्या हेडने डिस्कची कड फाटे, फाटलेल्या कडेने दुसऱ्या ड्राइव्हचं हेड बिघडे. साठच्या दशकातल्या मशीन रूममधली तीच साखळी आता माणसांच्या टेबलांवर पसरली. १९९८ मध्ये कंपनीवर अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि ‘क्लिक ऑफ डेथ’ हे नाव कायमचं रूढ झालं.

लगेच २००० साली आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी आली. वेगवान, ७५ गिगाबाइटपर्यंतची, काचेच्या तबकड्यांची. तिच्यातल्या बऱ्याच डिस्क आधी खरखर आणि मग टकटक करत गेल्या. अशा डिस्क उघडणाऱ्यांना तबकडीच्या आरपार दिसायचं: चुंबकीय थर खरवडून निघालेला, खाली नुसती स्वच्छ काच. त्या थरातच लोकांचे फोटो आणि हिशेब होते, आणि आता ते डब्याच्या फिल्टरमध्ये काळ्या भुकटीच्या रूपात होते. २००१ मध्ये या डिस्कवरूनही दावा झाला, तो २००५ मध्ये मिटला. दरम्यान आयबीएमने हा सगळा व्यवसाय हिताचीला विकून टाकला होता.

याच सुमारास चांगल्या डिस्क शांत होत होत्या. २००१ च्या सीगेट बॅराकुडा एटीए ४ पासून डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये लोखंडी गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंग रुळली. आधीच्या काळात वर्षागणिक वाढत जाणारी शिटी हा एक भरवशाचा इशारा होता. तो संपला. मला वाटतं इथे आपण काहीतरी गमावलं. जुनी डिस्क महिनोन्‌महिने कुरकुरून जायची; नवी बऱ्याचदा न सांगताच जाते. कानांची जागा घ्यायला ‘स्मार्ट’ ही डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली आकड्यांची नोंद नव्वदच्या दशकातच आली होती. पण २००७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या चार मुख्य इशाऱ्यांमध्ये काहीच नोंद नव्हती. २००८-०९ मध्ये सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या फर्मवेअरच्या दोषाने तर डिस्क व्यवस्थित फिरत, कसलाही आवाज न करता, कॉम्प्युटरला दिसेनाशा झाल्या.

आपल्याकडे एक आवाज मात्र पिढीभर ऐकला गेला आणि त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या वर्षांत, यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरची लाइट गेली की कॅबिनेटमधून एक टणक ‘टक’ यायचा. वीज तुटल्यावर तबकड्या अजून फिरत असतात; त्या फिरण्यातूनच मोटर क्षणभर वीज तयार करते आणि तिच्या जोरावर हेड घाईने जागेवर परत जातं. नेहमीसारखं सावकाश नेऊन ठेवणं त्यात नसतं. डिस्क या खेपा वेगळ्या मोजते, स्मार्टच्या यादीत १९२ क्रमांकाखाली. जुन्या डिस्कचा तो आकडा काढून बघा, त्या घरातल्या विजेचा इतिहास तिथे लिहिलेला सापडतो.

आता टपलीकडे परत. आजच्या डिस्कमध्ये थांबलेलं हेड तबकडीवर बसत नाही, बाहेरच्या रॅम्पवर टेकतं. चालू असताना एक्स्टर्नल डिस्क टेबलावरून पडली तर मात्र हेड तबकडीवर अडकतं. मोटर जोर लावते, फिरता येत नाही, आणि बारीक ‘बीप-बीप’ ऐकू येतं. डिस्कमध्ये स्पीकर नसतो. हा अडकलेल्या मोटरचाच आवाज. लक्षण जुन्या चिकटण्यासारखंच आहे, म्हणून जुना उपाय आठवतो. पण आजच्या हेडला धरून ठेवणारा पट्टा इतका नाजूक आहे की झटका दिला की तो वाकतो किंवा हेड उखडून तबकडीवरच राहतं. फ्रीझरचं तसंच. थंडीने आकसून एखादी जुनी डिस्क काही मिनिटं चालून गेली असेल. आज बाहेर काढताच तबकडीवर जे दव धरतं, ते काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडसाठी भिंतीएवढं असतं. अशी डिस्क बंद ठेवायची आणि आत हेड बदलायची सोय असलेल्या माणसाकडे न्यायची, एवढंच करण्यासारखं आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट जरूर तपासा: वीज. कमकुवत अडॅप्टर, सैल केबल किंवा पुढच्या यूएसबी पोर्टवर लावलेली डिस्क पुरेसा प्रवाह न मिळाल्याने वेग घेते, सोडते, पुन्हा घेते, आणि हेड प्रत्येक वेळी ‘टक’ करून परत जातं. केबल बदलून आणि मागचं पोर्ट वापरून हा आवाज गेला तर डिस्क निर्दोष आहे.

आणि काही आवाज आजही चांगल्या तब्येतीचे आहेत. २०१३ पासून हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क आल्या, सुरुवात एचजीएसटीच्या ६ टेराबाइटने. वेस्टर्न डिजिटलच्या अशा मोठ्या डिस्क काही काम नसतानाही साधारण दर ५ सेकंदांनी हलका ‘टुक’ करतात. हेड एकाच जागेवर तरंगत राहू नये म्हणून डिस्क त्याला मुद्दाम हलवत असते. घरी नवीन नॅस (नेटवर्कवर जोडलेली डिस्कची पेटी) घेतलेली माणसं हा आवाज ऐकून रात्री घाबरतात. तो एकसारख्या अंतराने येत असेल, डिस्क कॉम्प्युटरला दिसत असेल, फाइल नेहमीच्या वेगाने उघडत असतील आणि स्मार्टमधले रिअ‍ॅलोकेटेड व पेंडिंग सेक्टर (डिस्कने खराब किंवा संशयास्पद ठरवलेल्या जागांचे आकडे) शून्यावर असतील, तर ती डिस्क परत करायची गरज नाही.