तळहाताएवढं रबर

भाच्याने दिवाळीत सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेली. सोलापुरातल्या होटगी रोडच्या गतिरोधकावरून ती तिरकी करूनच काढावी लागते. जानेवारीतली गड्डा यात्रा आटोपली की त्याला ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायचीय. १९९० साली सुरू झालेला, ३.७१७ किलोमीटरचा हा ट्रॅक सोलापूरपासून जवळजवळ हजार किलोमीटर लांब. गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच आणायची.

"मामा, टायर कुठले टाकू?" मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. मित्रांनी आधीच सल्ला दिलेला होता: सेमी-स्लिक टाक. नावालाच खाचा असलेले, मऊ रबराचे, ट्रॅकसाठीचे टायर. आणि वर, "आपल्या सोलापूरच्या उन्हात रबर आपोआप तापतंय की!"

हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे.

माणसं धरून गाडीचं वजन १५०० किलो समजा. एका चाकावर ३७५ किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर रस्त्याला टेकलेलं रबर येतं साधारण १६५ चौरस सेंटिमीटर: बोटांसकट एक तळहात. असे चार तळहात जेवढं धरतील, तेवढंच इंजिन आणि तेवढाच ब्रेक कामाचा. ताशी १०० किलोमीटर वेगात घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, ०.८ असेल तर ब्रेक लावल्यापासून गाडी थांबायला ४९ मीटर लागतात, १.० असेल तर ३९. मधले दहा मीटर म्हणजे साधारण एक ट्रॅक्टर आणि त्यामागची उसाची ट्रॉली.

अकरावीत आपण शिकलो की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडाच्या ठोकळ्याला हे लागू पडतं, रबराला नाही. रबराची पकड दोन मार्गांनी येते. एक म्हणजे चिकटणं: रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर धरतात आणि सुटतात. दुसरा जास्त मजेशीर. डांबरातल्या खडीवरून सरकताना रबर दाबलं जातं आणि परत फुगतं, पण दाबायला लागलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णता होऊन आतच जिरते. ही उधळपट्टी म्हणजेच पकड. टणाटणा उसळणाऱ्या चेंडूचं रबर टायरला वाईट. धप्पकन पडणारं चांगलं.

मग सगळेच टायर धप्पकन पडणाऱ्या रबराचे का करत नाहीत? कारण सरळ जातानाही टायरचा प्रत्येक भाग फेरीगणिक एकदा चेपतो, आणि तिथली उधळपट्टी पेट्रोल खाते. सुटका आहे ती वेगातल्या फरकात. ताशी १०० किलोमीटरला हे चेपणं सेकंदाला १४ वेळा होतं. खडीच्या बारीक टोकांवरून घसरताना रबर सेकंदाला हजारो, लाखो वेळा थरथरतं. हळू चेपताना ऊर्जा राखणारं आणि भरभर थरथरताना उधळणारं रबर करता आलं तर दोन्ही साधतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिन या टायर कंपनीने रबरात एरवी मिसळतात त्या काजळीच्या जागी बरीचशी सिलिका (वाळूत असते तीच) घालून हे बऱ्यापैकी जमवलं. आजचे चांगले रोड-टायर त्याच वाटेवरचे. ट्रॅकचं रबर असल्या तडजोडी करत बसत नाही. ते दोन्हीकडे उधळतं.

आता तापमान. कडक भाकरी घ्या. वाळलेली असते तेव्हा काचेसारखी कटकन मोडते. शेंगाच्या आमटीत चुरली की मऊ पडते. पदार्थविज्ञानात याला काचसंक्रमण म्हणतात: लांब साखळीचे रेणू जखडलेले असले की पदार्थ काचेसारखा, हलायला मोकळे झाले की लवचीक. भाकरीतल्या स्टार्चला ही मोकळीक पाणी देतं, रबराला उष्णता देते. रोडचं रबर पहाटेच्या गारव्यातही पुरेसं मोकळं राहील असं बनवतात. सेमी-स्लिकचं रबर मात्र साधारण ८० ते १०० अंशांना रंगात येतं.

सोलापूरचं ऊन इथे कमी पडतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, डांबर साठीच्या पुढे जातं, हे कबूल. पण टायरला खरी ऊब मिळते ती वळणात आणि ब्रेकमध्ये, आणि आपल्या हायवेवर वळणं शोधावी लागतात. जानेवारीत पहाटे पाच वाजता विजापूर रोडला लागलेला सेमी-स्लिक गारच राहतो: पकड अर्धवट, आणि मऊ रबर सरळ रस्त्यावर मधोमध झिजत जातं. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं चार वेळा पळवायला न्यायचे टायर बेंगळुरूच्या अलीकडेच निम्मे म्हातारे करायचे, हा कुठला हिशोब?

पावसाचाही विचार हवा. आपल्याकडे तो कमी, पण सप्टेंबरात पडतो तेव्हा दाणदाण पडतो, आणि काळ्या रानातून निघालेले ट्रॅक्टर रस्ता चिखलाने सारवून ठेवतात. खाचांचं काम पाणी बाजूला सारणं. त्या नसल्या किंवा झिजल्या की टायर पाण्यावर तरंगतो. नासाने विमानांच्या चाकांसाठी शोधलेल्या सूत्राने ३२ पीएसआयला हा तरंगण्याचा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला ८३.

२५ चा आकडा मी उगाच काढलेला नाही. २५ अंशांना ३२ ची हवा भरून ट्रॅकवर उतरलात आणि आतली हवा ७५ अंशांपर्यंत तापली, तर दाब ४० ला जातो. टायर मधे फुगतो, कडा उचलल्या जातात, तळहात आखडतो. म्हणून लोक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत, येऊन हवा काढतात आणि गरम टायरमध्ये ३२ ठेवतात. संध्याकाळी तोच टायर निवला की आत उरते २५. तसंच घरी निघालं तर बाजूची भिंत जास्त दुमडते, तापते, आणि हायवेवर टायर फुटायला एवढं कारण पुरतं. भाच्याच्या डिकीत मी पहिल्यांदा हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर ठेवायला लावला, टायरची गोष्ट नंतर. (नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही असं दुकानदार सांगतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि कोरडी हवा तापल्यावर तेवढीच फुगते. फरक पडतो तो ओलाव्याने.)

टायरवर ट्रेडवेअर म्हणून एक अमेरिकन आकडा असतो. टेक्सासमधल्या रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर चालवून झीज मोजतात; २०० वाला १०० वाल्याच्या दुप्पट टिकावा असा अर्थ. पण झीज मोजल्यावर पुढचा अंदाज कंपनीच बांधते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. ढोबळ मानाने १०० आणि खालचे ट्रॅकसाठी, २०० वाले मधले, ३०० च्या आसपासचे वेगवान रोड-टायर. माझं मत ३०० ला पडलं. ट्रॅकवर फेरीमागे दोन-चार सेकंद जास्त लागतील, लागू देत. वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस, व्हायला लागले तर रिमसकट दुसरा सेट घ्यावा आणि ट्रान्सपोर्टने पुढे पाठवावा.

टायरवरचं वेगाचं अक्षरही बघितलं. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू २७०, वाय ३००. गाडीच्या कंपनीने दिलेल्या अक्षराखाली जायचं नाही, एवढंच.

दुकानात मात्र थोडं थांबावं लागलं. "मालक, फ्रेश माल आहे," म्हणत त्यांनी टायर काढले. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चार आकडे होते: ३८२१. २०२१ सालचा अडतिसावा आठवडा. रबर गोदामात पडल्या पडल्याही कडक होत जातं. परत पाठवले. आठ दिवसांनी नवे आले, बसवले, अलाइनमेंट झालं.

साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा बारीक थर नव्या रबरावर असतो. तो जाईपर्यंत पहिले अडीच-तीनशे किलोमीटर जपून चालवायचे, असं मी बजावलं. तुळजापूर जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. भाचा आज देवीला तिसऱ्यांदा निघालाय.