जुना एसएलआर घेताय? आधी मागचं झाकण उघडा

एसएलआर म्हणजे आतल्या आरशामुळे लेन्समधून येणारं चित्रच डोळ्याला दाखवणारा कॅमेरा. बडोद्यात असे जुने फिल्म कॅमेरे साधारण तीन वाटांनी बाहेर येतात. रावपुरा-दांडिया बाजारकडचा एखादा लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ बंद होतो आणि त्याचा माल निघतो, नाहीतर कुणाच्या तरी काकांनी अमेरिकेहून आणलेला कॅमेरा कपाट आवरताना सापडतो, आणि उरलेले शुक्रवारी बाजारात जुन्या मिक्सर-इस्त्रीच्या शेजारी चादरीवर पडलेले असतात. कुठेही जा, विकणारा म्हणणार "एकदम चालू छे" आणि घेणारा विचारणार किती वर्षं जुना. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला पाहिजे ते हे, की किती वर्षं पडून होता?

कारण बघा, एसएलआरच्या आत जे पितळ आणि स्टील असतं त्याला पन्नास वर्षांत फारसं काही होत नाही. पेंटॅक्स के१००० हा १९७६ ते १९९७ असा तब्बल २१ वर्षं बनत होता आणि त्यातले पहिल्या काळातले आजही धडधडीत चालतात. म्हातारं होतं ते दुसरंच सगळं, म्हणजे फोम, ग्रीस, डिंक, बॅटरीचे कॉन्टॅक्ट, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग), आणि यातलं बरंचसं वापरून नाही तर न वापरता बिघडतं. म्हणून कोपऱ्यावरचा काळा रंग उडून खालचं पितळ दिसायला लागलेला स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मला "मिंट कंडिशन, कधी वापरलाच नाही" वाल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. लोकांना उलट वाटतं आणि ते त्या चकचकीतपणाचे दुप्पट पैसे देतात, देऊ देत.

आता हातात आल्यावर पहिलं काम, आत रोल नाही ना ते विचारून मागचं झाकण उघडा. झाकण जिथे बसतं त्या खाचेत आणि बिजागरीपाशी काळ्या फोमची पट्टी असते, ती उजेड आत येऊ देत नाही. हा फोम पॉलियुरेथेनचा, आणि हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. शेवटी फोमचा चिकट काळा लगदा होतो. बोट लावून बघा, काळं लागलं तर फोम गेला. तसाच एक तुकडा पुढे आरसा वर आदळतो तिथे असतो, तो मऊ झाला की आरसा तिथे चिकटून बसतो आणि मग दुकानदार म्हणतो शटर अडकलंय, आणि आपण एक चांगला कॅमेरा सोडून येतो. फोम बदलणं हे घरी होणारं काम आहे, स्पिरिट, इअरबड, नवीन पट्टी आणि एक दुपार. यावरून भाव पाडा पण कॅमेरा सोडू नका.

खरी मेख शटरमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणाऱ्या भागात. तो वेळ म्हणजेच स्पीड, १/६०, १/१००० सेकंद वगैरे. जुन्या बऱ्याच एसएलआरमध्ये कापडाचे दोन पडदे असतात, फिल्मसमोरून आडवे धावणारे. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागोमाग बंद करत येतो. ३६ मिलिमीटरची फ्रेम पार करायला पडद्याला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १/१००० सेकंदाला पूर्ण फ्रेम एकाच वेळी कधी उघडी नसतेच, दोन पडद्यांमध्ये जेमतेम ३ मिलिमीटरची फट असते आणि ती फट फिल्मवरून सरकत जाते. आता समजा आतलं ग्रीस सुकून पहिला पडदा जरासा, फक्त एक मिलिसेकंद, मागे पडायला लागला. १/६० ला काही कळणारच नाही, कारण तिथे एक्सपोजर, म्हणजे उजेड पडायचा वेळ, १६-१७ मिलिसेकंदांचं. पण १/१००० ला मागचा पडदा पुढच्याला गाठतो, फट बंद होते आणि फोटोची एक बाजू काळी. तीच चूक, तेवढीच चूक, एका स्पीडला शून्य आणि दुसऱ्याला सत्यानाश. म्हणून दुकानात उभं राहून १/१२५ ला दोनदा खटखट केलं आणि घेऊन आलो, याला टेस्टिंग म्हणत नाहीत.

ग्रीसचं गणित म्हणजे घरातलं शिलाई मशीन वर्षानुवर्षं झाकून ठेवलं की कसं जड चालतं, तेच. तेल उडून जातं नाहीतर घट्ट होतं. कॅमेऱ्यात त्याचा पहिला फटका हळू स्पीडना बसतो, १ सेकंद, १/२, १/४, कारण तिथे वेळ मोजायला छोट्या गिअरची वेगळी साखळी असते. १ सेकंद लावून बटन दाबा आणि आवाज ऐका, बारीक किर्रर्र एकसारखी यायला हवी, मध्येच दमली किंवा अडकली तर सर्व्हिसिंग आलंच. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमचा व्हिडिओ काढलात तर मागून शटर किती फ्रेम उघडं राहिलं ते मोजता येतं, १/३० ला ८ फ्रेम यायला हव्यात. त्याच्या वरच्या स्पीडला मोबाईल कमी पडतो.

तिथे कामाला येतो माळ्यावर टाकलेला जुना डबा टीव्ही! ही ट्रिक जुने कॅमेरा मेकॅनिक वापरायचे आणि मला ती फार आवडते. जुन्या काचेच्या ट्यूबवर चित्र एकदम येत नाही, ओळीओळीने वरून खाली रंगवलं जातं, आणि आपल्याकडच्या टीव्हीला एक ओळ रंगवायला ६४ मायक्रोसेकंद लागतात. लेन्स काढा, मागचं झाकण उघडं ठेवा, कॅमेरा टीव्हीच्या पांढऱ्या पडद्याकडे धरून मागून बघत १/१००० ला बटन दाबा. एका मिलिसेकंदात १५-१६ ओळी होतात, म्हणून डोळ्याला तेवढ्याच रुंदीचा उजळ पट्टा दिसतो, आणि कापडी शटर आडवं धावतं म्हणून पट्टा तिरका दिसतो. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीचा असेल तर पडदे सारखे धावतायत. एका बाजूला निमुळता होत गेला तर समजून जा. १/५०० ला जाडी दुप्पट व्हायला हवी. एलसीडी-एलईडीवर हे जमत नाही, तिथे ओळ रंगवणारा किरणच नसतो. विकणाऱ्याकडे टीव्ही नसणारच, पण एक दिवसाच्या बोलीवर कॅमेरा घरी न्यायला मागा, ओळखीतला असेल तर देतो.

आता मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या भागाचं, थोडक्यात. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी लागायची, तिचा व्होल्टेज संपेपर्यंत हलायचा नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत तिची विक्री बंद झाली आणि आता ती मिळत नाही. तिच्या जागी १.५ व्होल्टची साधी बटन बॅटरी टाकली की ऑलिंपस ओएम-१ सारखा कॅमेरा उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. मीटर बिघडलेला नसतो, त्याला खोटी बॅटरी दिलेली असते. मेडिकलमध्ये श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी मिळते, १.४ व्होल्टची, ती रबरी रिंग लावून बसवली की काम भागतं. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं सर्किट असं आहे की व्होल्टेज थोडा वरखाली झाला तरी फरक पडत नाही, हे मात्र भारी डोकं लावलंय. झेनिट-ई ला बॅटरीच नाही, सेलेनियमची पट्टी उजेडावरच वीज करते, फक्त ती पट्टी मेली की मेली.

लेन्सकडे येऊ, आणि इथे आपलं बडोदं आडवं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते आणि लेन्सवर वाढणाऱ्या बुरशीला साधारण ७० टक्के पुरतात. ती काच खात नाही, काचेवरची धूळ आणि तेलाचा अंश खाते, पण तिच्यातून आम्ल सुटतं आणि त्याने काचेवरच्या पातळ थरावर, कोटिंगवर, कायमचे ओरखडे उठतात, मग बुरशी पुसली तरी खूण राहते. डायाफ्राम (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि लेन्स तिरकी करून बघा, फांद्या फुटलेले पांढरे धागे दिसले तर बुरशी, नुसता धुरकट थर असेल तर तेलाची वाफ, ती साफ होते. सोबत मिळणाऱ्या चामड्याच्या कव्हरवर भाळू नका, ते ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच येते, मी तर तिथल्या तिथे परत देतो. घरी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत ४०-५० टक्के आर्द्रता, एवढं पुरतं.

आणि हो, ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, तेव्हा इथे घेताना हे पण बघाच. स्क्रूच्या डोक्यावर गंज, ट्रायपॉडच्या भोकात सुकलेला गाळ, फिल्म दाबणाऱ्या प्लेटवर बारीक खड्डे, यातलं काहीही दिसलं तर फुकट दिला तरी नको.

मॉडेल कुठलं म्हणाल तर बॅटरीशिवाय शटर चालणारं. के१०००, निकॉन एफएम, १९८२ चा एफएम२, यांना बॅटरी फक्त मीटरपुरती. कॅनन एई-१ (१९७६) ला ६ व्होल्टची बॅटरी नसेल तर शटर हलतच नाही, आणि बटन दाबल्यावर चीं असा आवाज येणं हे त्याचं ठरलेलं दुखणं, आरशाच्या गिअरचं तेल सुकलेलं असतं, तेलाच्या थेंबाने बरं होतं. मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) मध्ये कपॅसिटर जातो आणि अख्खा कॅमेरा जाम होतो, तो भाग स्वस्तात मिळतो, सोल्डरिंग येणारा बदलू शकतो. पण सर्किटच गेलं असेल तर दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याचे पार्ट काढा, एवढाच मार्ग. गिअर साफ करणारा माणूस अजून सापडतो, चाळीस वर्षांपूर्वीची चिप बनवणारा नाही.

घेतल्यावर पहिला रोल कुणाच्या लग्नात घालवू नका. एकाच भिंतीचे, एकाच उन्हात फोटो काढा, स्पीड एक पायरी वाढवला की अॅपर्चरही (डायाफ्रामचं भोक) एक पायरी उघडायचं, म्हणजे सगळ्या फ्रेम सारख्याच यायला हव्यात, आणि कुठल्या फ्रेमला काय लावलं ते लिहून ठेवा. लॅबवाल्याला आधीच सांगा की निगेटिव्ह परत पाहिजेत, नुसते स्कॅन नकोत, कारण स्कॅनरचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचा उजेड आपणहून सारखा करतं आणि शटरची चूक झाकली जाते. निगेटिव्ह खिडकीशी धरल्यावर एखाद्या फ्रेमची एकच बाजू पारदर्शक दिसली तर पडद्याचा दोष, कडेच्या भोकांपासून काळे ओघळ आत आलेले दिसले तर फोम.