बॉलवेल नगारी: तीन भावांची व्ही-८

ऑस्ट्रेलियन गाडी म्हटलं की होल्डन नाहीतर फोर्ड फाल्कन, यापलीकडे आपल्याकडे कुणी फारसं नाव घेत नाही. पण मेलबर्नजवळ मॉर्डिअलॉकला बॉलवेल म्हणून तीन भाऊ होते, कॅम्पबेल, ग्रॅम आणि विन्स्टन, आणि नगारी ही स्पोर्ट्स कार त्यांची.

सुरुवात कॅम्पबेलची. पोरवयातच याने स्वतः गाडी बनवली, मग साठच्या दशकात भावांनी किट विकायला काढले. म्हणजे फायबरची बॉडी आणि चासी यांच्याकडून न्यायची, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या होल्डनमधून काढायचं आणि घरच्या गॅरेजमध्ये बसून जोडायचं. नव्या तयार गाडीवर सेल्स टॅक्स लागायचा तो यात वाचायचा, त्यामुळे खिसा हलका पण हौस दांडगी अशी पोरं यावर तुटून पडली. एकट्या मार्क ७ या मॉडेलचेच ४०० च्या आसपास किट गेले.

मधे ग्रॅम इंग्लंडला जाऊन लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीत काम करून आला आणि ते नगारीत सरळ दिसतं: मधोमध पोलादाचा एकच कणा, इंजिन-सस्पेन्शन सगळं त्याला, वर फायबरची बुटकी लांब नाकाची बॉडी. लोटसच्या एलान या गाडीची चासी अशीच. फक्त लोटसच्या छोट्या इंजिनाऐवजी यांनी घातलं फाल्कनचं ३०२ क्युबिक इंची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, जवळपास ५ लिटरचं! आणि गाडीचं वजन हजार किलोच्याही आत, म्हणजे आजच्या स्विफ्टएवढं, आता ती कशी पळत असेल याचा अंदाज करा. स्टिअरिंग रॅक मात्र ऑस्टिन १८०० या साध्यासुध्या फॅमिली गाडीचा, जिथे जे बसेल ते घ्यायचं असा कारभार.

नगारी १९७० ला आली, आधी कूपे, म्हणजे बंद टपाच्या, नंतर थोड्या उघड्या टपाच्या. सगळ्या मिळून शंभराच्या थोड्या वर. तेवढ्यात सरकारचे ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्स दरवर्षी वाढत गेले, सेफ्टी, धूर, एकेक टेस्ट. फोर्डला तो खर्च लाखभर गाड्यांवर वाटता येतो, यांनी काय करायचं? माझ्या मते गाडीत खोट नव्हती, हिशोबच बसेना. १९७४ ला नगारी बंद झाली.

भाऊ काही बुडाले नाहीत, फायबरचं काम हातात होतंच, त्यावर कंपनीने दुसऱ्यांसाठी पार्ट बनवायचा धंदा उभा केला. १९७९ ला इकारा म्हणून मागे फोक्सवॅगन गोल्फचं इंजिन असलेली एक किट कारही काढली, पण ती मोजक्याच घरांत पोचली.