सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि गेमची जागा

विंडोज एका ड्राइव्हवर आणि गेम दुसऱ्यावर ठेवावेत, हा सल्ला आज नियमासारखा दिला जातो. त्याला आजचे रूप आले ते २००८ नंतरच्या काही वर्षांत. घरगुती संगणकांत नुकत्याच येऊ लागलेल्या एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्ह, तेव्हा बहुधा ६० ते १२८ जीबीच्या असत, आणि त्याच पैशांत कितीतरी पट मोठी हार्ड डिस्क मिळे. हार्ड डिस्कच्या मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद थांबावे लागते, शिवाय हेड सरकण्याचा वेळ निराळा. विंडोज सुरू होताना असंख्य छोट्या फाइली वाचल्या जात असल्याने एसएसडीचा लाभ तिथे लगेच जाणवे. गेम उघडताना मात्र थोडे थांबायची बहुतेकांची तयारी असे.

खरा घोळ आहे तो ‘ड्राइव्ह’ या शब्दाचा. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली असल्याने हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. पुढे जुन्या डॉसला (विंडोजच्या आधी प्रचलित असलेल्या प्रणालीला) ३२ एमबीपेक्षा मोठे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, हाताळता येत नसल्याने एकाच डिस्कचे तुकडे पाडून त्यांना डी, ई अशी नावे द्यावी लागली. ही मर्यादा १९८८ च्या सुमारास सैल झाली, तरी तुकडे पाडण्याची सवय राहिली. आपल्याकडे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून असेंबल करून आणलेल्या संगणकात सी, डी, ई आधीच पाडलेले असत, कारण विंडोज बिघडले की ‘फॉरमॅट मारायचे’ ते फक्त सीवर. त्यामुळे गेम डीवर टाकला की तो वेगळ्या ड्राइव्हवर गेला, अशी समजूत रुजली. प्रत्यक्षात तबकडी तीच आणि हेडही तेच. अशा विभागणीने वेग वाढत नाही. उलट विंडोज आणि गेम एकाच वेळी वाचले जाऊ लागले, की हेडला दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागतात. डिस्क मेली तर सी आणि डी दोन्ही एकदमच जातात, हे तर वेगळे सांगायलाच नको.

फॉरमॅटनंतर गेम वाचतात, हेही अर्धेच खरे होते. फाइली डीवर शाबूत राहत, पण अनेक गेमच्या रजिस्ट्रीतील (विंडोजच्या नोंदवहीतील) नोंदी पुसल्या जात, आणि खेळाची प्रगती साठवणाऱ्या सेव्ह फाइली बहुधा सीवरच्या डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटा या फोल्डरमध्ये असत. पन्नास जीबी वाचून चार एमबीची सेव्ह फाइल गेली, तर काय वाचवले म्हणायचे?

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर आरंभी सगळे गेम एकाच ठिकाणी ठेवावे लागत. त्यामुळे काही जण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून मूळ जागी नुसता दुवा ठेवत. २०१२ च्या सुमारास एकाहून अधिक ड्राइव्हवर लायब्ररी ठेवण्याची सोय झाली, तेव्हा ही खटपट संपली.

त्यानंतर गेमच फुगत गेले. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ला ६५ जीबी जागा लागे. २०२० मधील कन्सोल (फक्त खेळण्यासाठीची यंत्रे) एसएसडीसह आले आणि खेळ चालू असतानाच खेळातले जग ड्राइव्हवरून सतत वाचून घेणारे गेम रचले जाऊ लागले. २०२३ च्या ‘स्टारफील्ड’ने १२५ जीबी जागा आणि एसएसडी या दोन्ही गोष्टी किमान अटींतच घातल्या. आता जागेसाठी दुसरा ड्राइव्ह घेतला, तरी वेगासाठी तो एसएसडीच घ्यावा लागतो. हार्ड डिस्ककडे उरतात ते जुने गेम आणि बॅकअप.