बारशाच्या पंगतीपासून निघालेली वाट: गाडगेबाबांच्या गृहत्यागाची पार्श्वभूमी

संत गाडगेबाबांनी १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे घर सोडले. ही तारीख त्यांच्या चरित्रात इतकी ठळक आहे, की त्यांचे आयुष्य त्या एका रात्रीत पालटले असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्या पहाटेची तयारी कित्येक वर्षे चालू होती, आणि तिच्या मुळाशी एक साधी, घरगुती इच्छा होती: आपल्या वडिलांच्या वाट्याला जे आले, ते पुढे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या आणि डेबूजी आजोळी गुरे राखत, शेतीची कामे करत वाढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी सावकाराच्या कागदापुढे कसा नागवला जातो, हे मात्र त्यांनी आजोळीच पाहिले. पुढे कीर्तनात ते कर्ज, दारू आणि शिक्षण या तीन गोष्टींवर इतक्या पोटतिडकीने का बोलत, याचे उत्तर या बालपणात आहे.

पहिली मोठी परीक्षा आली ती मुलीच्या बारशाला. अशा प्रसंगी भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची, मग त्यासाठी ऋण काढावे लागले तरी चालेल, अशी त्या काळची रीत होती. पंगत बसली आणि पानात पडले गोडाधोडाचे जेवण. जातभाईंची नाराजी पत्करून डेबूजींनी रिवाज मोडला. माझ्या मते गृहत्यागाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक धैर्य या पंगतीला लागले असेल. कारण घर सोडणाऱ्याला लोक निदान साधू म्हणतात, पण घरात राहून रीत मोडणाऱ्याच्या पाठीशी कोणीच नसते.

त्यानंतरचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, मिळेल ती भाकर त्याच गाडग्यात घ्यायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. ते प्रवचन झोडत नसत, समोरच्याला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. मध्येच ‘गोपाला, गोपाला, देवकीनंदन गोपाला’चा गजर उठे आणि सारा समुदाय त्यात सामील होई. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेली ही श्रद्धा त्यांना मूर्तीपाशी थांबू देत नव्हती. पंढरीच्या वारीतही त्यांचे लक्ष वारकऱ्यांच्या सोयीकडे आणि वाळवंटातल्या घाणीकडे असे.

या श्रद्धेतूनच पूर्णा नदीकाठी ऋणमोचन या गावचा घाट आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. देणग्या हजारोंनी आल्या, पण त्या घरी वळल्या नाहीत. ही पंढरपूरची वास्तू त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याला स्वतःला अक्षरओळख मिळाली नाही, त्याने हे दान शिक्षणासाठी करावे, यात बालपणीचा तो सावकाराचा कागद मला स्पष्ट दिसतो.

या वाटेची किंमत घरच्यांनीही मोजली. पत्नी कुंताबाई आणि आई सखूबाई यांनी ऋणमोचनला झोपडीत दिवस काढले. शेजारी बाबांनी लोकांसाठी केलेले बांधकाम होते, पण त्यात त्यांना वाटा नव्हता. चरित्रे लिहिताना या दोघींना एखाद्या ओळीत आटोपले जाते, याची खंत वाटते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला, तेव्हाही ते प्रवासातच होते.