डनिच : बुडण्याआधीच मेलेलं बंदर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफक परगण्यात डनिच नावाचं एक गाव आहे. (स्पेलिंगच्या मधोमध डब्ल्यू आहे, पण तिथले लोक तो गिळतात.) वस्ती दोनशेच्या आत. एक चर्च, एक पब, एक छोटं संग्रहालय आणि खाली गोट्यांचा किनारा. सेंट जेम्स या चर्चच्या आवारात भिंतीला आधार देणारा एक दगडी टेकू एकटाच उभा आहे. त्याला भिंत नाही. ती भिंत ऑल सेंट्स नावाच्या दुसऱ्या चर्चची होती आणि ते चर्च कड्यावरून समुद्रात गेलं. जाता जाता एवढा टेकू वाचवून इथे आणून ठेवला.

डनिचबद्दल लिहिणाऱ्यांना ‘ब्रिटनचं अटलांटिस’ म्हणायचा मोह आवरत नाही. एका रात्रीत लाटा आल्या आणि भरभराटीचं शहर गडप झालं, असं चित्र त्यातून उभं राहतं. प्रत्यक्षात समुद्राला हे शहर संपवायला सातशेहून अधिक वर्षं लागली. आणि बहुतेक घरं पडली तेव्हा त्यांतली माणसं कधीच निघून गेली होती. शहराचा जीव गेला तो खाडीचं तोंड बुजल्यामुळे.

सातव्या शतकात संत फेलिक्सने पूर्व अँग्लियात जे धर्मपीठ स्थापन केलं ते डनिचलाच, असं गावकरी अभिमानाने सांगतात. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. दक्षिणेकडच्या वॉल्टनचाही त्यावर दावा आहे. पक्का हिशेब मिळतो तो १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत. वीस वर्षांपूर्वी इथे १२० नागरिक-करदाते होते, ते आता २३६ झाले. चर्च एक होतं, तिथे तीन झाली. राजाला रोख रकमेबरोबर हेरिंग मासेही द्यावे लागत, तेही हजारांच्या हिशेबात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. थंडीच्या तोंडावर तो थव्यांनी या किनाऱ्याला लागे आणि खारवून, धुरावर सुकवून दूरवर विकला जाई. त्याच पाहणीत एक छोटीशी नोंद आहे : पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एकाचीच, दुसरी समुद्राने नेली. म्हणजे शहर चढतीला होतं तेव्हाच त्याचा एक काठ ढासळू लागला होता, आणि महसूल कारकुनाने तो इमानेइतबारे वजाही केला होता.

ढासळण्याचं कारण जमिनीतच आहे. इथले कडे खडकाचे नाहीत. वाळू आणि गोट्यांचे थर एकमेकांवर रचलेले आहेत. पूर्वेच्या वाऱ्याने उसळलेली लाट कड्याचा पायथा पोखरते आणि वरचा भाग कोसळतो. पण कोसळलेला माल नाहीसा होत नाही. लाटा तो किनाऱ्याने सरकवत नेतात आणि नदीच्या मुखापाशी त्याचा लांबलचक दांडा तयार होतो. डनिचचं बंदर अशाच दांड्याच्या आडोशाला वसलं होतं. उत्तरेकडून येणारी ब्लाइद नदी आणि डनिचची छोटी नदी एकत्र येऊन दांड्याच्या आतून दक्षिणेला वाहत आणि डनिचपाशी समुद्राला मिळत. जहाजांना हा निवारा उत्तम होता. खाडीकाठी राहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नकोच : निवारा देणारा दांडाच वाढत जातो आणि एक दिवस दार लावून घेतो.

बाराव्या-तेराव्या शतकांत डनिच जोरात होतं. ११९९ मध्ये जॉन राजाने त्याला नगराची सनद दिली. आठ-नऊ चर्च, टेम्पलर सरदारांचं ठाणं, डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संन्याशांचे मठ, कुष्ठरोग्यांचं इस्पितळ असा सगळा थाट होता. मग १२८६ च्या आणि त्यामागून आलेल्या वादळांनी बंदराच्या तोंडात गोटे भरले. डनिचकरांनी ते उपसले. फ्रान्सिस्कनांनी मात्र ओळखलं आणि १२९० मध्ये मठ आत हलवला. १४ जानेवारी १३२८ च्या वादळाने उरलेली वाट बंद केली ती कायमची. अडलेल्या नदीने उत्तरेला, वॉलबर्सविकच्या बाजूला, दांडा फोडून नवं तोंड शोधलं.

खरा घाव तो होता. पाणी शेजारच्या गावात गेलं आणि पाण्यामागून जहाजं गेली. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात चारशेच्या आसपास घरं समुद्राने नेल्याचे उल्लेख आहेत. पण बंदर चालू असतं, तर ती घरं थोडी आत पुन्हा उभी राहिली असती. अशी कितीतरी गावं सरकत सरकत जगली आहेत. बंदरच नसल्यावर बांधायचं कशासाठी? डनिचने मग कागदाचा आधार घेतला. सनदेप्रमाणे या किनाऱ्यावरची जकात आमची, तेव्हा नव्या मुखातून जाणाऱ्या जहाजांनीही ती आम्हालाच द्यावी, असा त्याचा हट्ट होता. वॉलबर्सविक, ब्लायबर आणि साउथवोल्ड यांच्याशी पिढ्यानपिढ्या खटले चालले, मारामाऱ्या झाल्या. १५९० मध्ये साउथवोल्डपाशी नदीला नवी वाट खोदली गेली आणि भांडायलाही फारसं काही उरलं नाही. आजचं साउथवोल्डचं बंदर तिथेच आहे.

पुढचं काम समुद्राने सावकाश केलं. काही चर्च सोळाव्या शतकाच्या आतच गेली, सेंट पीटर सतराव्याच्या अखेरीस गेलं. समुद्राखालून घंटांचा आवाज येतो ही दंतकथा इथेही आहेच, पण घंटा कोण सोडून देतो? कडा जवळ आला की लोक छपराचं शिसं, लाकूड, घंटा काढून विकत. समुद्राच्या वाट्याला रिकामे सांगाडे येत. शेवटचं ऑल सेंट्स अठराव्या शतकातच ओस पडलं होतं. १९०४ च्या सुमारास त्याची पहिली बाजू कड्यावरून खाली गेली आणि १९१९ मध्ये मनोरा पडला. त्या काळातल्या छायाचित्रांत ते दरवर्षी थोडं थोडं आखूड होत गेलेलं दिसतं.

जमीन गेली तरी एक गोष्ट मात्र गेली नाही, ती म्हणजे पार्लमेंटमधल्या जागा. १२९८ पासून डनिच दोन खासदार पाठवत होतं आणि गाव उरलं नसतानाही पाठवतच राहिलं. १८३१ मध्ये मतदार होते ३२. असे मतदारसंघ धनिकांच्या खिशात असत. अठराव्या शतकात डनिच सर जॉर्ज डाउनिंग यांच्या मुठीत होतं. लंडनची डाउनिंग स्ट्रीट बांधणाऱ्याचे हे नातू. त्यांच्याच मालमत्तेतून पुढे केंब्रिजचं डाउनिंग कॉलेज उभं राहिलं. नंतर व्हॅनेक आणि बार्न या दोन घराण्यांनी एकेक जागा वाटून घेतली. बुडालेल्या सभागृहावर होडी नेऊन मत टाकावं लागे हा त्या वेळचा विनोद, आणि काही लोक तो अजूनही इतिहास म्हणून सांगतात. १८३२ च्या सुधारणा कायद्याने दोन्ही जागा काढून घेतल्या. सेंट जेम्स चर्चही त्याच साली झालं. नगरपालिका मात्र त्यानंतरही अर्धशतक, १८८६ पर्यंत, टिकून होती. संस्था वाळूच्या कड्यापेक्षा चिवट असतात.

आज आपल्याला शहराचा नकाशा ठाऊक आहे तो दोन माणसांमुळे. १५८७ मध्ये राल्फ एगस या मोजणीदाराने उरलेल्या गावाचा नकाशा काढला. १७५४ मध्ये टॉमस गार्डनरने गावाचा इतिहास छापला. तो साउथवोल्डला मिठाच्या कराचा अधिकारी होता. १७४० च्या वादळात जुनी थडगी आणि पाये उघडे पडले, त्याच्याही नोंदी त्याने ठेवल्या. १९७० च्या दशकात पाणबुडे खाली उतरू लागले, पण पाणी इतकं गढूळ की हाताने चाचपूनच काम करावं लागे. २००८ पासून साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड सिअर यांच्या गटाने ध्वनिलहरींनी तळ तपासला आणि जे अवशेष दिसले ते एगसच्या नकाशावर ताडून पाहिले. चर्चचे ढिगारे जिथे असायला हवे होते तिथेच निघाले. सेंट पीटर आणि सेंट निकोलस त्यांत ओळखू आली.

१२९० मध्ये आत सरकलेल्या फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष अजून जमिनीवर उभे आहेत. दगडी कुंपणाच्या आत गवत, आणि पूर्वेच्या भिंतीपलीकडे झाडी. कड्याची धार त्या भिंतीपासून आता फार दूर नाही.